पंचमचं न आलेलं संगीत आलं तर मला आधी काय हवंय

तुमचा प्रश्न असा आहे की आर. डी. बर्मनचं, म्हणजे आपल्या पंचमचं, जे संगीत कधी बाजारात आलंच नाही ते उद्या यायचं ठरलं तर त्यातलं काय हवं, आणि ज्या चाली अर्धवट राहिल्यात त्या आजच्या एखाद्या संगीतकाराकडून पूर्ण करून घ्याव्यात का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. नको. खरंच नको. का ते खाली सांगते. पहिल्या भागाचं उत्तर जरा लांब आहे कारण ते माझ्या डोक्यात चाळीस वर्षं साचलेलं आहे.

मी पुण्याची, सदाशिव पेठेत वाढले, आता कर्वेनगरला राहते. माझ्या शाळेच्या दिवसांत कॅसेट भरून देणारी दुकानं होती, ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवत असेल, साठची किंवा नव्वदची कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि चार दिवसांनी घ्यायला जायचं. मी एकदा यादीत एक नंबरला लिहिलं होतं, 'शोले, जया भादुरी दिवे मालवते तेव्हाचा माऊथ ऑर्गन'. दुकानातल्या काकांनी यादी वाचली आणि म्हणाले, बाळ गाणं सांग, हे असलं रेकॉर्डवर नसतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पिक्चरमध्ये ऐकू येणारं सगळं संगीत विकत मिळत नाही. मला ते फार लागलं होतं. मग सुट्टीत आम्ही चार घरांनी मिळून व्हीसीआर भाड्याने आणला तेव्हा मी टीव्हीच्या स्पीकरला टेपरेकॉर्डर चिकटवून तो तुकडा घेतला, वाड्यातल्या नळाच्या आवाजासकट. तो वाजवणारे भानू गुप्ता होते हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, कारण तेव्हा कुठल्याच कव्हरवर ही नावं नसायची.

तर माझी पहिली मागणी हीच, बॅकग्राउंड म्युझिक. लोकांना वाटतं न आलेलं संगीत म्हणजे कुठेतरी कपाटात पडलेलं लता किशोरचं एखादं अख्खं गाणं. असेलही, आणि सापडलं तर मी पण रात्रभर जागून ऐकेन. पण पंचमने ३०० पेक्षा जास्त पिक्चर केले, प्रत्येकात पाच सहा गाणी धरा, आणि बाकीचे दोन अडीच तास जे पडद्यामागे वाजत राहतं ते? गाण्याची रेकॉर्ड निघायची, फार तर टायटल म्युझिक सोबत यायचं (शोलेचं आलं होतं), आणि उरलेलं त्या पिक्चरच्या साउंडट्रॅकमध्ये संवाद, घोड्यांच्या टापा, गोळ्यांचे आवाज यांच्याखाली कायमचं गाडलं जायचं. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तो सीन आठवा. तिथला तबला पंडित सामताप्रसाद यांनी वाजवलाय, म्हणजे ज्यांच्याकडे पंचम स्वतः तबला शिकला तेच गुरू! बनारस घराण्याचा एवढा मोठा माणूस एका चेस सीनला वाजवतोय आणि तुम्ही तो तबला नुसता, चाकांच्या खडखडाटाशिवाय, कधी ऐकलाय का? मी नाही ऐकलेला. मला तो टेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा आहे, मध्ये थांबले असतील, पुन्हा घेतला असेल, तर तेही सगळं हवंय.

आता पूर्ण करू नका असं का म्हणते ते. या विषयावर बोलताना हमखास मदनमोहनचं उदाहरण निघतं. मदनमोहन १९७५ साली गेले, त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांच्या मुलाने, संजीव कोहलींनी, जपून ठेवल्या होत्या, आणि २००४ साली त्यावर जावेद अख्तर यांनी शब्द लिहून 'वीर-झारा' झाला, लताबाई गायल्या. मला ती गाणी आवडतात, मनापासून. ते जमलं कारण मदनमोहनची चाल ही हार्मोनियमवर नुसती गुणगुणली तरी पूर्ण असते, तिचे कपडे बदलले तरी माणूस ओळखू येतो. पंचमचं तसं नाही हो. त्याच्याकडे चाल म्हणजे अर्धी गोष्ट आणि उरलेली अर्धी आवाज. 'शोले'तल्या 'मेहबूबा मेहबूबा' गाण्यात बासू चक्रवर्तींनी बाटलीत फुंकर मारून जो आवाज काढलाय तो काढून टाका आणि त्याजागी कीबोर्डवरचा कसलाही आवाज टाका, चाल तीच राहील पण पंचम गेलेला असेल. अमृतराव काटकरांचा रेसो (काडीने घासून खर्र खर्र वाजवायचं वाद्य), मारुतीराव कीरांचा ठेका, रणजित गझमेर यांचा मादल (नेपाळी ढोलकी), होमी मुल्लान कसली कसली छोटी वाद्यं घेऊन बसायचे ते, हे सगळं मागाहून लावलेलं तोरण नव्हतं, तो चालीचाच भाग होता. म्हणून त्याची कॅसेटवर गुणगुणलेली चाल घेऊन आज दुसऱ्या कुणी अरेंजमेंट केली तर ते त्या दुसऱ्या माणसाचं गाणं होईल, चांगलंही होईल कदाचित, पण कव्हरवर पंचमचं नाव टाकून ते विकलं तर मला वाईट वाटेल.

त्याऐवजी ती गुणगुणलेली कॅसेटच द्या ना. आहे तशी. ही माझी दुसरी मागणी आणि खरं सांगायचं तर हीच मला सगळ्यात जास्त जवळची आहे, सिटिंगच्या टेप, म्हणजे संगीतकार आणि गीतकार चाल बांधायला बसतात तेव्हाच्या. गुलजारांनी कितीदा सांगितलंय, 'इजाजत'च्या वेळी 'मेरा कुछ सामान'चा कागद बघून पंचम वैतागला होता, उद्या तू टाइम्स ऑफ इंडिया घेऊन येशील आणि म्हणशील याला चाल लाव, अशा अर्थाचं काहीतरी बोलला, आणि मग आशाबाई शेजारी बसून एक ओळ स्वतःशीच गुणगुणत होत्या तिथून त्याला धागा सापडला. त्या गाण्याला पुढे गुलजार आणि आशाबाई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता कल्पना करा की त्या दुपारी खोलीत एक साधा टेपरेकॉर्डर चालू असता! वैताग, हसणं, हार्मोनियमवर बोटं चाचपडतायत, आणि मग अचानक ती ओळ. अशी टेप आहे की नाही हे मी म्हणत नाहीये, पण अशा कुठल्याही सिटिंगची दहा मिनिटं मला चार नवीन गाण्यांपेक्षा जास्त मोलाची आहेत.

चाल कशी फिरते हे बघायला तो स्वतःच थोडी सोय करून गेलाय. तो दुर्गापूजेसाठी बंगालीत गाणी करायचा आणि त्यातल्या काही चाली नंतर हिंदीत यायच्या. 'मोने पोडे रुबी रॉय' ऐका आणि मग १९७३ च्या 'अनामिका'तलं 'मेरी भीगी भीगी सी' ऐका, लागोपाठ, हेडफोन लावून. एकच चाल दोन वेगळ्या घरात राहायला गेल्यावर कशी बदलते ते कळतं. मी माझ्या भाचीला हे ऐकवलं तर ती म्हणाली मावशी हे म्हणजे रफ वही आणि फेअर वही झाली. मला ते पटलं नाही कारण बंगाली गाणं रफ अजिबात नाहीये, पण तिला ऐकावंसं वाटलं याचाच मला आनंद झाला.

एक उलटं उदाहरण पण सांगते. गुलजारांचा 'लिबास' हा पिक्चर थिएटरात रीतसर कधी लागलाच नाही, २०१४ साली गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, पण त्याची गाणी मात्र आधीपासून कॅसेटवर होती आणि आम्ही ती पाठ केली होती. 'शोले'तली ती कव्वाली पण तशीच, किशोर, मन्ना डे, भूपिंदर आणि स्वतः आनंद बक्षी गायलेत, चित्रित झाली नाही पण रेकॉर्डवर मिळते. म्हणजे गाणं असेल तर ते पिक्चरशिवाय जगतं. बॅकग्राउंड पिक्चरमधून बाहेरच येऊ शकत नाही, कुणीतरी हात धरून काढावं लागतं.

आणि ते काढणं आता शक्य आहे का? काही प्रमाणात हो. तेव्हाची पद्धत अशी की संवाद, इफेक्ट आणि म्युझिक वेगवेगळ्या मॅग्नेटिक टेपवर असायचं, मग मिक्सिंग करून एक फायनल ट्रॅक बनायचा आणि तो प्रिंटवर जायचा. दुसऱ्या भाषेत डब करायचं असेल तर संवाद वगळून नुसता म्युझिक आणि इफेक्टचा ट्रॅक पण बनवायचे. असा ट्रॅक कुठल्या निर्मात्याच्या गोडाउनमध्ये असेल तर निम्मं काम झालं. पण टेप महाग होती, जगभर लोक ती पुसून पुन्हा वापरायचे, आणि जी उरली तिला आपल्याकडची दमट हवा खाते. जुन्या अॅसिटेटच्या रीळला व्हिनेगरसारखा वास यायला लागला की ती मरायला लागलीय असं समजायचं. लॉ कॉलेज रोडवर आपलं फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं, मी कॉलेजात असताना त्या रस्त्याने जाताना नेहमी वाटायचं की आत थंड खोल्यांमध्ये डबे आहेत आणि त्या डब्यांत पिक्चरबरोबर त्याचं संगीत पण झोपलंय. पण प्रिंटवरचं संगीत म्हणजे सगळं एकत्र कालवलेलं. ते वेगळं करायला आता सॉफ्टवेअर आलंय. बीटल्सच्या लोकांनी जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढला आणि २०२३ साली गाणं काढलं, तसं संवादाखालचं म्युझिक मोकळं करायला ही गोष्ट वापरा, मी टाळ्या वाजवेन. किशोरचा नवा नकली आवाज बनवायला वापरू नका, एवढंच.

इच्छा असली की होतं हे 'शोले'नेच दाखवलं. २०२५ साली त्याची दुरुस्त केलेली प्रिंट इटलीत बोलोन्याला दाखवली, कापलेला मूळ शेवट परत जोडून, आणि तारीख होती २७ जून, पंचमचा वाढदिवस! मला ते वाचून भरून आलं होतं. पन्नास वर्षांनी चित्र परत येऊ शकतं तर त्याच चित्राचं संगीत वेगळं, नीट, नावांसकट का येऊ नये? हक्कांचा गुंता आहे हे मला कळतं, गाण्यांची रेकॉर्डिंग कंपनीकडे, बॅकग्राउंड बहुतेक वेळा निर्मात्याकडे, आणि चालींचा कॉपीराइट आपल्या कायद्याप्रमाणे संगीतकार गेल्यावर ६० वर्षं, म्हणजे पंचम ४ जानेवारी १९९४ ला गेला तर २०५४ संपेपर्यंत. माझ्या वयाच्या लोकांनी तेवढी वाट कशी बघायची? आणि टेप तर आपल्या आधी जाईल. म्हणून कंपनी आणि निर्माते यांनी एकत्र बसून आधी निदान कॉपी करून ठेवावी, विकायचं नंतर बघा.

आणि काढाल तेव्हा सोबत वादकांची नावं छापा. ही माझी तिसरी मागणी आहे आणि यात मी तडजोड करणार नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात पंचमच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, मध्येच एका वादकाने कुठलीही घोषणा न करता तोच माऊथ ऑर्गनचा तुकडा वाजवला, तीस सेकंद असेल फार तर. हॉल भरलेला होता आणि कुणी खोकलं सुद्धा नाही. शेजारच्या आजी मला हळूच म्हणाल्या, हे कुठलं गाणं गं? मी म्हटलं आजी हे गाणं नाहीये. त्या म्हणाल्या, मग पाठ कसं आहे मला?

जाता जाता एक विनंती. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी वडील, काका, आजोबा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे किंवा रेकॉर्डिंगवाल्यांकडे काम करायचे, आणि माळ्यावर स्पूल टेप पडल्या असतील, तर त्या भंगारात देऊ नका आणि उत्साहाने जुन्या मशीनवर लावूनही बघू नका, चिकटलेली टेप एकदा ओढली की तिच्यावरचा थर निघून जातो आणि परत येत नाही. आधी वास घ्या, कोरड्या जागी उभ्या ठेवा, आणि टेप ट्रान्सफरचं काम रोज करतो अशाच माणसाकडे न्या. डब्यावर पेन्सिलने काही लिहिलं असेल, रीळ नंबर, टेक नंबर, एखादं नाव, तर पुसू नका, त्याचा फोटो काढून ठेवा.