सूर-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी नागपूरचा. जूनमध्ये इथल्या एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून रुजू झालो आणि विश्रामबागेत खोली घेतली. नागपुरात महाल भागात गुरुजींच्या घरी दर शनिवारी बैठक व्हायची, ती इथे नाही. शनिवारची संध्याकाळ खायला उठते. तंबोराही इथे आल्यापासून मुका झालाय, म्हणून मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतो. घरमालक म्हणतात, पहाटे आवाज नको. नोकरी सोडून परत जावं असं वाटतं. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तंबोऱ्याचं बघू. नागपूरच्या उन्हाळ्यातून तो थेट सांगलीच्या पावसात आला. दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या जाम होतात, जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बिघडते. तारा नीट लावून घ्या आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचं, तारांखालचं सूत केसभर मागेपुढे सरकवून पाहा. नाद उघडला तर ठीक. नाही उघडला, तर घोडीवर तारांनी चर पाडलेली असणार. मग जवारी काढायला कारागीरच हवा, आणि त्यासाठी तुमच्याइतक्या सोयीच्या जागी फार थोडे गवई राहतात. मिरज तुमच्यापासून अगदी जवळ. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्य टाकून येऊ नका, कारागिरापाशी बसा. तुमची पट्टी सांगा, त्यांच्यासमोर गा. खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येईपर्यंत उठू नका. मोबाइलवरच्या तंबोऱ्यात ही गंमत मला कधीच सापडली नाही. प्रवासात तो ठीक, रोजच्या रियाजाला नको.

आता शनिवारचं. मी लग्न होऊन बेळगावहून मिरजेत आले तेव्हा माझीही संध्याकाळ अशीच जायची. सासूबाईंना गाण्यातलं काही कळत नसे, पण भाजी निवडता निवडता त्या म्हणायच्या, "म्हण गं, मी ऐकते." माझी इथली पहिली बैठक तीच. म्हणून सांगते, जाणकार मिळण्याची वाट पाहू नका. शाळेतला एखादा सहकारी, एखादा पालक, दोन मुलं एवढे पुरेत. शनिवार तोच ठेवा, वेळही तीच. आणि इथल्या लोकांना आवडेल म्हणून गायकी बदलू नका. गुरुजींची बंदिश जशी मिळाली तशीच गा.

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबही इथले नव्हते. उत्तर प्रदेशातल्या कैरान्यात जन्मले, बडोद्यात राहिले आणि मिरजेचे झाले. कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या गाण्यात घेतली, पण किराण्याचा सूर सोडला नाही. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात ते गेले, तरी दफन मिरजेतच झालं, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. जरूर जा. ज्या श्रोत्यांची तुम्हाला उणीव भासते, ते तिथे मांडी घालून बसलेले दिसतील. शेजारी बसणाऱ्याशी बोला, ओळख काढा.

नोकरी सोडायचा विचार उरूस होईपर्यंत तरी बाजूला ठेवा, असं मी अगदी मनापासून सांगते.

घरमालकांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पहाटे दार-खिडक्या लावून हळू आवाजात खर्ज भरा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करा, आणि मोकळ्या आवाजाचा रियाज शाळा सुटल्यावर तिथल्याच वर्गात करा. मुख्याध्यापकांना आजच विचारा.