विचारा ताईला : दुकानात बसायला मागितलं तर काय बिघडलं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीत एका मोठ्या साडीच्या दुकानात 6 वर्षं काउंटरला आहे. सकाळी साडेनऊपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभंच. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, नुसतं रॅकला टेकलं तरी मालक कॅमेऱ्यात बघतात आणि खाली फोन येतो. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात. बाथरूम मागे गोडाऊनला आहे, पुरुषांचं आणि आमचं एकच, त्यामुळे आम्ही पाणीच कमी पितो. बोललं की म्हणतात, जमत नसेल तर घरी बसा. आम्ही 11 जणी आहोत. काही करता येतं का?

उत्तर : अगं, घरी बसा म्हणतात पण दुकानात बसू देत नाहीत, मजाच आहे सगळी! तुझं पत्र वाचताना मला वाटलं हे कोझिकोडहूनच आलंय की काय. केरळात कोझिकोडला मिठाई तेरुवू म्हणून बाजार आहे, आपली मिठाई गल्लीच समज, दोन्ही बाजूंनी कपड्यांची दुकानं. तिथल्या सेल्सगर्ल्सचं दुखणं अगदी हेच होतं. आख्खा दिवस उभं, बाथरूम नाही, मग कुठल्यातरी हॉटेलात जाऊन काहीतरी विकत घ्यायचं आणि त्या निमित्ताने जाऊन यायचं, नाहीतर तहान मारायची. त्याच बाजारात विजी नावाची बाई शिवणकाम करायची, तिने 2009 मध्ये या बायकांना धरून पेनकूट्टू नावाची संघटना काढली, म्हणजे बायकांची सोबत. सुरुवात बसण्यापासून नाही झाली बरं का, बाथरूमपासून झाली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण खुर्ची मागितली की मालक आळशी म्हणतो, पण बाथरूमला नाही कोण म्हणणार, आणि म्हटलं तरी चारचौघांत त्याचीच लाज निघते.

मग बसण्याचा विषय आला. त्रिशूरच्या एका मोठ्या साडी दुकानातल्या 6 जणी बसू द्या म्हणून युनियनमध्ये गेल्या, तर त्यांची लांब बदली टाकली. त्या 2014 च्या शेवटी दुकानासमोरच ठिय्या देऊन बसल्या ते शंभरावर दिवस! बसायला देत नाही ना, मग रस्त्यावर बसतो. शेवटी 2018 मध्ये केरळ सरकारने दुकान कायदाच बदलला, दुकानातल्या कामगाराला बसायची सोय द्यायचीच आणि कामात संधी मिळाली की बसू द्यायचं असं त्यात आलं. त्याच वर्षी विजीचं नाव बीबीसीच्या 100 बायकांच्या यादीतही आलं. 2021 ला तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. आणि गंमत बघ, उभं राहून काम करणाऱ्याला बसायची सोय हवी हे आपल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्यात आधीपासूनच होतं, कलम 44. कारखान्यातल्या माणसाचे पाय दुखतात हे तेव्हाच कळलं होतं, साडीच्या दुकानातल्या बाईला पाय असतात हे कळायला 70 वर्षं गेली.

आता तुमचं. आपल्याकडे 2017 चा महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. त्यात पिण्याचं पाणी, संडास-मुतारी, मधली विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जास्तीच्या तासांना दुप्पट दराने पैसे आणि बाई म्हणून पगारात, बढतीत भेदभाव करायचा नाही हे सगळं आहे. पण बऱ्याच गोष्टी कामगार किती यावर ठरतात, म्हणून आधी डोकी मोजा, गोडाऊनवाले, शिपाई, कॅशवाले सगळे धरून. मग एका साध्या वहीत महिनाभर लिहा, किती वाजता आलो, कधी सुटलो, जेवायला किती मिनिटं मिळाली. ती वही घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा, पण एकटी अजिबात जाऊ नकोस, एकटीला काढून टाकणं सोपं असतं, अकरा जणींना काढलं तर लग्नसराईत साड्या कोण उलगडणार!

प्रश्न : मी नववी शिकलेय, कपड्यांच्याच दुकानात आहे, पुण्यात. युनियन वगैरे शिकलेल्यांचं काम ना? आणि आमच्या बाजारातले नेते म्हणतात बायकांचे बारीकसारीक प्रश्न नंतर बघू.

उत्तर : नंतर म्हणजे कधी, ते विचारलंस का त्यांना? विजीचंही शिक्षण लवकरच सुटलं होतं, सोळाव्या वर्षी कामाला लागली ती. मोठ्या युनियन्स पुरुषांच्या हातात आणि त्यांना मुतारी हा लढ्याचा विषय वाटत नव्हता, म्हणून मग या बायकांनी असंघटित कामगारांची स्वतःचीच युनियन उभी केली. केरळच कशाला, मुंबईत 2011 पासून राइट टू पी, म्हणजे बायकांच्या मुतारीच्या हक्काची मोहीम चालली, त्यातल्या मुमताज शेख झोपडवस्तीतूनच पुढे आल्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, एवढा साधा हिशोब त्यांनी महापालिकेसमोर मांडला. तर नववी पुरे आहे. कायद्याने युनियन नोंदवायला किमान 7 जण लागतात, सही करता आली पाहिजे आणि दुसरीची सही घेताना तिला नीट समजावता आलं पाहिजे, ते तर तू दिवसभर करतेसच, बघायला आलेल्या बाईला पैठणी विकतेस की नाही!

प्रश्न : माझं कापड दुकान आहे. मुलींशी माझं वैर नाही पण गिऱ्हाईक आलं आणि बाई बसलेली दिसली तर दुकानाची शोभा जाते. तुम्ही फक्त कामगारांचीच बाजू घेता.

उत्तर : हो, घेते. पण शोभेचं म्हणाल तर दादा, तुमच्या वडिलांच्या काळातली दुकानं आठवा. पांढरी गादी, त्यावर मांडी घालून बसलेला माणूस, समोर गिऱ्हाईकही बसलेलं, चहा येतोय आणि बसूनच झरकन साडी उलगडून पदर दाखवला जातोय. तेव्हा कोणाची शोभा गेली नव्हती. गादी गेली, काचेचं काउंटर आलं, गादीवर पुरुष होते तिथे काउंटरमागे कमी पगारात मुली आल्या आणि मग बसणं वाईट दिसायला लागलं. चार स्टुलं घ्या, काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवा, गिऱ्हाईक आलं की मुली उठतीलच. आणि गोडाऊनच्या बाथरूमला आतून कडी आहे का, ते आज स्वतः जाऊन बघून या.