दृष्टी अधू झाली, म्हणून राजीनामा द्यावा का?

प्रश्न : माझे यजमान सरकारी कार्यालयात लिपिक आहेत. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना संगणकावरील अक्षरे दिसेनाशी झाली आहेत. राजीनामा द्यावा का? – एक वाचक, राजापूर

उत्तर : राजीनामा मुळीच देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले, म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता किंवा पदावनत करता येत नाही. सध्याचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते. परंतु आहे तेच काम त्यांना जमेल, असे मला मनापासून वाटते. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. थोडी नजर शिल्लक असतानाच सराव सुरू करावा. माऊस बाजूला ठेवून कीबोर्डवरील एफ आणि जे या कळांवरचे, न पाहता बोटांची जागा सांगणारे बारीक उंचवटे चाचपण्यापासून आरंभ करावा. खरी अडचण येते ती जुन्या फाँटमधील पत्रांची : ती डोळ्यांना मराठी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे व चिन्हेच असल्यामुळे स्क्रीन रीडर काहीतरी निरर्थक उच्चारतो. त्यामुळे सर्व पत्रव्यवहार युनिकोडमध्येच, म्हणजे संगणक मराठी अक्षरे मराठी म्हणूनच ओळखतो त्या पद्धतीत व्हावा, अशी लेखी मागणी कार्यालयप्रमुखांकडे आताच करावी.