रात्रपाळीतला नाताळ

प्रश्न : मावशी, मी वसईची, कुवेतमध्ये नर्स आहे. २४ डिसेंबरला रात्रपाळी लागली आहे. घरी आई फुगे (नाताळला करतात ते तळलेले पिठाचे गोळे) तळत असेल, सगळे मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जातील, आणि मी वॉर्डात. प्रार्थनेलाही मन लागत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, मीही तिथेच नर्स होते, म्हणून हे मनापासून लिहिते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाच. येशू जन्मला तेव्हा योसेफ आणि मरिया स्वतःच्या घरी नव्हती. नाझरेथ सोडून शिरगणतीसाठी बेथलेहेमला आली होती. आणि ती वार्ता पहिल्यांदा कोणाला कळली? रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. तेही रात्रपाळीवरच होते! या ओवीने मला फार बळ दिलं. रुग्णाची सलाईन बदलताना मनात म्हटलेली प्रार्थना देव ऐकतो, यावर माझा ठाम विश्वास आहे.

वसईत १२ वाजतात तेव्हा तुझ्याकडे ९.३० झालेले असतात. तेवढ्यात दोन मिनिटं मिळाली तर आईला फोन कर. रडू आलं तर येऊ दे, तिच्यापासून लपवू नकोस.

आणि नाताळ एका रात्रीत संपत नाही. ख्रिस्तसभेत तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत चालतो. सुट्टी मिळेल त्या शुक्रवारी कुवेत शहरातल्या होली फॅमिली कॅथेड्रलला जा. कोकणी मिस्सेची वेळ आधी विचारून घे. वॉर्डातली एखादी मल्याळी किंवा फिलिपिनो मैत्रीण असेल तर तिलाही सोबत ने.