पहिला खर्डा नौ लिंगमध्येच

तुझा मेल रात्री दोनदा वाचला आणि मग झोपच लागेना, म्हणून बसलोय टाइप करत, चुका सांभाळून घे. शिल्पकला करू की लिहू हा तुझा प्रश्न मी बाजूलाच ठेवतो. जी पोरगी क्ले मॉडेलिंगच्या तासाला मागे बसून आजीच्या गोष्टी लिहिते ती दोन्ही करणार, मी काहीही बोललो तरी. खरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत हळूच सरकवलायस, की सर, कोर्लईत आमची भाषा बोलणारे हजारभर लोक, त्यात लिहिलं तर वाचणार कोण?

अगं ते मग बघू. पहिला खर्डा नौ लिंगमध्येच, तुमच्या त्या पोर्तुगीज-मराठी मिसळीच्या भाषेतच कर.

तू पाठवलेली दोन पानं वाचली. मराठी एकदम स्वच्छ, दहावीच्या निबंधाला पैकीच्या पैकी मिळतील अशी, आणि म्हणूनच वैताग आला. तुझी आजी त्यात 'उद्गारली', 'उत्तरली'. कोणाची आजी उद्गारते गं? एकाच ठिकाणी तिचं मूळ वाक्य अवतरणात ठेवलंयस. मला त्यातलं धड काही कळलं नाही, पण मोठ्याने वाचलं तर शब्द पोर्तुगीज आणि बसलेत मात्र आपल्या मराठीसारखे, क्रियापद शेवटी. दोन पानांत जीव त्या एका ओळीत होता, बाकी सगळं पीओपी.

एक बाई तुला माहीत असायला हव्यात. मारी-तेरेझ ज्युलियँ लुंग-फू. कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट, फ्रेंचांचं, तिथल्या त्र्वा-झिले गावात १९०९ चा जन्म. आडनावातच चिनी पूर्वज दिसतो. १८४८ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, मग उसाच्या मळ्यांना मजूर हवे म्हणून चिनी आणले, १८५३ पासून आपल्याकडचे तमिळ लोकही नेले, त्यांच्या कुळंबू नावाच्या कालवणाचं तिथे 'कोलोम्बो' झालं आणि आजही घरोघरी शिजतं. अशा खिचडी बेटावरची ही बाई पॅरिसला बोझार्स या कलाशाळेत शिकून शिल्पकार झाली. म्हणजे फ्रेंच कलेचा सगळ्यात मोठा शिक्का पाठीवर होता. आणि त्या काळी शाळेत क्रिओल, म्हणजे गुलामांच्या तोंडी फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा, बोललं की पोरांना शिक्षा व्हायची, घराघरातून सांगायचे नीट फ्रेंच बोल, ते काय गावंढळासारखं! तर या बाईंनी १९५८ मध्ये क्रिओल बोधकथांचं पुस्तक काढलं. नाटकं लिहिली, लोककथा गोळा केल्या, कार्निव्हलवर लिहिलं. १९८१ ला गेल्या. फ्रान्सने क्रिओलच्या शिक्षकांसाठी सरकारी परीक्षा काढली ती २००१ ला. वीस वर्षांनी! वाचणार कोण, असं म्हणत त्या थांबल्या असत्या तर?

तू म्हणशील, पण तिथला सगळ्यात मोठा कवी एमे सेझेर तर फ्रेंचमध्येच लिहायचा. हो, लिहायचा. तू सेझेर आहेस का? मीही नाही.

आणि दुसरी बाजू ऐक, ही जास्त महत्त्वाची आहे. त्या बेटावर क्रिओलमधलं पहिलं छापील पुस्तक आलं १८४६ ला, मार्बो नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचं. ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या बोधकथा त्याने क्रिओलमध्ये घातल्या, आणि सांगणारा कोण केला, तर मळ्यावरचा म्हातारा मुकादम! भाषा गुलामांची, तोंड मुकादमाचं. आपण लिहिलं नाही की असं होतं. तुमच्याच भाषेवर १९९६ मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाचं पुस्तक ॲमस्टरडॅमला छापलंय, चांगलं काम आहे, माझी तक्रार नाही, पण व्याकरण म्हणजे आजी नव्हे.

आता माझं ऐक, हे मी वर्गात कधी बोललो नाही. आमचा पेणजवळ हमरापूरला कारखाना, घरात आगरी. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी वडील करायचे, शेवटच्या रात्री, आणि त्या वेळी आई दारात उभी राहून दरवर्षी एकच वाक्य बोलायची. आर्ट स्कूलला गेल्यावर मी ते वहीत उतरवलं : 'आई म्हणाली, आता देव पाहू लागला.' मला वाटलं किती छान लिहिलं. आज आई नाही आणि मूळ वाक्य आठवत नाही. 'डोला' होता त्यात, डोळा नव्हे, आणि 'उघरला' होतं बहुतेक. मधले दोन-तीन शब्द गेले. चाळीस वर्षं झाली, दर भाद्रपदात आखणीचा ब्रश हातात घेतला की मी तेच शोधत बसतो. वही आहे अजून माझ्याकडे. काय उपयोग तिचा?

तू विचारशील, मग सर तुम्ही का नाही लिहिलं आगरीत. एकदा पाठवला होता लेख एका दिवाळी अंकाला, संपादकांनी सगळे 'पानी' आणि 'डोला' शुद्ध करून छापले, वर फोनवर सांगितलं की वाचकांची सोय बघावी लागते. भांडायला हवं होतं. पण दोन पोरांच्या फिया होत्या, चौकातल्या पुढाऱ्यांचे फायबरचे पुतळे करत होतो, तेव्हा मानधन आलं ते गप घेतलं. यात काही पाप केलं असं मला वाटत नाही, घर चालवलं मी. पण तुझ्यावर अजून फिया नाहीत ना? मग तुला कसली घाई आहे शुद्ध व्हायची?

लिपीचं टेन्शन घेऊ नको. देवनागरी घे, रोमन घे, जे हाताला येईल ते. माती कालवताना घमेलं कुठलं ते बघतेस का? तसं ते घमेलंही पोर्तुगीजच, आणि महिन्याच्या महिन्याला मी वाट बघायचो तो पगारही. १७४० ला पोर्तुगीज चौल सोडून गेले आणि भाषा किल्ल्याखाली तुमच्या वाडीत राहिली, ती काय लिपी ठरेपर्यंत थांबली होती?

मराठी कर, जरूर कर, नंतर. मातीतून साचा निघतो, साच्यातून पन्नास मूर्ती काढ, इंग्लिश काढ, मराठी काढ. पण माती आधी. तू साच्यातून माती काढायला निघालीयस, म्हणून चिडलोय.

तर येत्या रविवारी घरी जा. रेवदंड्याच्या पुलावर फोटो काढत थांबू नको. आजीच्या शेजारी बस, फोन रेकॉर्डिंगला लाव, आणि तीच गोष्ट परत सांगायला लाव. ती मध्ये खोकेल, शेजारणीला हाक मारेल, ते पण कापू नको. मग जसं ऐकू येतं तसं लिही आणि मला पाठव. खाली अर्थ लिहायचा नाही. मला कळणार नाही हे मला माहितीये, मी मोठ्याने वाचून बघेन.

आणि त्या आर्मेचरचा, म्हणजे मूर्तीच्या आतल्या सळईच्या सांगाड्याचा, पाय वाकलाय तुझ्या फोटोत, सळई जाड घे. भेटायला गणपती झाल्यावर ये, तोवर इथे बसायला पाट नाही रिकामा.