बळीचा बकरा, खापर आणि 'नोकऱ्या गेल्या'

म्हापशाहून एका वाचकाने विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा: "एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय. विषय असा की यंत्रं आणि एआय सगळी कामं करायला लागली की समाजात फूट पडेल, लोक कुणाला तरी स्केपगोट करतील आणि माणसाला जगण्याचं पर्पज नव्याने शोधावं लागेल. स्केपगोटला बळीचा बकरा लिहिलं तर चालेल का? आणि पर्पजला हेतू, उद्दिष्ट की प्रयोजन?" सोबत त्यांनी केलेलं एक वाक्यही आहे: "स्वयंचलित भविष्यात नोकऱ्या जातील तेव्हा काही गट बळीचा बकरा बनतील व मानवी प्रयोजनाचा शोध अटळ होईल."

बळीचा बकरा चालतो हो, पेपरात रोज असतो, कोणी अडवणार नाही. पण तुमच्या ह्या वाक्यात तो मला खटकतो, का ते सांगतो.

बळी देतात त्या बकऱ्यावर कोणाचा राग नसतो. उलट चांगला धडधाकट, खोड नसलेला बघून आणतात, हळदकुंकू लावतात, आणि त्याने काही केलेलं नाही हे सुरी धरणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. तो का निवडला जातो ते संस्कृतातल्या एका सुभाषिताने कधीच सांगून टाकलंय: घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच नको, 'अजापुत्रं बलिं दद्यात् देवो दुर्बलघातकः'. शेळीचं पोर द्या, देवसुद्धा दुबळ्यालाच मारतो. म्हणून मराठीत हा वाक्प्रचार नेमका कुठे बसतो, तर पूल कोसळला आणि वरचा साहेब वाचावा म्हणून खालचा कारकून सस्पेंड झाला, तिथे. कारकुनाची चूक नाही हे सगळ्या ऑफिसला माहीत असतं, चहाच्या गाड्यावर त्याच्याबद्दल लोक हळहळतातसुद्धा.

तुमच्या लेखातली गोष्ट वेगळी आहे. तिथे लोकांना मनापासून वाटतं की हाच दोषी, ह्याच्यामुळेच आपलं वाटोळं झालं, हा गेला की सगळं सुरळीत होईल.

इंग्रजी शब्दाचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे, आणि तिथे बकरे दोन आहेत हे बहुतेक जण विसरतात. एक कापायचा, देवासाठी. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवतो, सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवतो, ती पापं त्या बकऱ्याच्या माथी बसली असं मानतात आणि मग त्याला जिवंतच रानात हाकलून देतात. १५३० साली विल्यम टिंडेल ह्याने बायबलच्या ह्या भागाचं इंग्रजी केलं तेव्हा हाकललेल्या बकऱ्यासाठी हा शब्द बनवला, सुटून गेलेला बकरा अशा अर्थाने. म्हणजे आपला बळीचा बकरा हा त्या दोघांतला पहिला, आणि इंग्रजांचा तो दुसरा.

आता हाकलायची रीत आपल्याकडे नव्हती असं समजू नका. उतारा काय असतो? माणसाचं दुखणं नारळात नाहीतर कोंबड्यात उतरवायचं आणि तिठ्यावर नेऊन ठेवायचं. घाटावर तर पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे, रोगाला गाड्यात बसवून वाजतगाजत गावच्या शिवेबाहेर, म्हणजे पुढच्या गावच्या हद्दीत, मग त्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. पटकी विहिरीच्या पाण्यातून येत होती आणि विहीर आपल्या जागी तशीच. पण उतारा किंवा गाडा हे शब्द असे एकदम वापरले तर आजच्या वाचकाला कळणार नाहीत, तेव्हा ते राहू देत.

मी तुमच्या जागी असतो तर नाम शोधायच्या भानगडीत न पडता क्रियापद घेतलं असतं: खापर फोडणे. खापर म्हणजे फुटक्या मातीच्या भांड्याचा तुकडा, संस्कृतात खर्पर (खापरपणतूतला खापर आत्ता मध्ये आणू नका, तो वेगळ्या चर्चेचा विषय). ह्या वाक्प्रचाराची गंमत अशी की तो नुसता येत नाही. कुणाच्या तरी 'माथी', कुणाच्या तरी 'डोक्यावर' फोडावं लागतं. त्या याजकालाही हात ठेवायला डोकंच लागलं बघा. वड्याचं तेल वांग्यावर काढायलाही समोर वांगं लागतं, संन्याशाला सुळी द्यायची तर संन्याशी हाताला लागावा लागतो.

आणि इथेच तुमच्या वाक्यातली खरी अडचण आहे, ती बकऱ्यापेक्षा मोठी. "नोकऱ्या जातील." कोण घालवणार? मराठीत 'जाणे' हे अकर्मक, कर्ता आपोआप लपतो. पाऊस गेला, लाइट गेली, नोकरी गेली. त्यात तुम्ही वर 'स्वयंचलित' लावलंय, म्हणजे आपोआप चालणारं, कोणाचा हातच नाही त्यात. पण मशीन स्वतःहून कंपनीत शिरत नाही ना, कोणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवतं की अमुक कामं माणसांकडून काढून घ्यायची, कोणीतरी सही करतं, वाचलेला पगार कुणाच्या तरी हिशेबात जातो. ते सगळं 'गेल्या' ह्या एका शब्दात पुसलं जातं. मग राग तर आलाय, फोडायला खापर हातात आहे, आणि वाक्यात डोकंच नाही. मशीनला माथा नसतो, मालक बेंगळुरूत नाहीतर अमेरिकेत, दिसणारं डोकं कुणाचं? शेजारच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं.

इंग्लंडातले लुडाइट आठवतात का, १८११-१२ मध्ये नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणायची यंत्रं फोडणारे? त्यांना आज लोक यंत्राला घाबरणारे अडाणी म्हणतात, पण त्यांनी बहुतेक करून मजुरी कापणाऱ्या मालकांचीच यंत्रं फोडली, शेजारच्या नीट मजुरी देणाऱ्याची तशीच ठेवली. खापर कुठे फोडायचं ते त्यांना नेमकं कळत होतं, कारण मालक त्याच भागातला, ओळखीचा असायचा. १८१२ मध्ये पार्लमेंटने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली ती उगाच नाही. यंत्र फोडणं बरोबर असं मी म्हणत नाही, कर्ता कोण ते त्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं एवढंच.

आपल्याकडचं बघायचं तर लांब जायला नको. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मग जरा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीझ (खनिज काढायचे करार) रद्द केल्यावर परत बंद. त्या दिवसांत साखळी, पाळी, उसगाव ह्या पट्ट्यातून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना आठवेल, घराघरासमोर टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, उभे, टायर काढून खाली दगड लावलेले, केबिनवर वेल चढलेली, आणि ज्यांनी दिवसाला खेपा मोजल्या ते लोक सकाळपासून तिठ्यावर. इथे यंत्राने कामं घेतली नव्हती, हे कबूल, पण अख्खा पट्टा एकदम रिकामा झाला की काय होतं ते दिसलं. कोर्टाने बोट ठेवलं होतं ते बेकायदा खनिज काढण्यावर आणि लीझ देण्याच्या पद्धतीवर. तिठ्यावर मात्र तुम्हाला ऐकू आलं असतं की एनजीओवाल्यांनी पोटावर पाय दिला, नाहीतर घाटी ड्रायव्हरांनी कमी पैशांत खेपा मारून धंदा बिघडवला, नाहीतर सरकारी मदतीच्या यादीत अमक्याचं नाव कसं लागलं, त्याचा ट्रक तर आधीच विकलेला. शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त.

'घाटी' हा शब्दही मूळचा साधा बिचारा, घाटापलीकडचा माणूस. पण गोव्यात तो ज्या सुरात म्हणतात तो सूर भूगोलाचा नाही. आणि आपण गोवेकर कोण? मुंबईत धोबीतलावला आपल्या गावागावांचे कूड (कामाला गेलेल्या गाववाल्यांनी एकत्र राहायच्या खोल्या) होते, आपले तारवटी, म्हणजे खलाशी, जगभरच्या बोटींवर, दर घरात एक तरी माणूस दुसऱ्याच्या गावात 'भायलो', म्हणजे बाहेरचा, होऊन पोट भरून आलाय. फुटीचा अनुभव तर आपल्याला चांगलाच आहे, १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलला, म्हणजे जनमत कौलाला, फूल (विलीन व्हायचं) की दोन पानं (वेगळं राहायचं) ह्यावरून गावं दुभंगली. तेव्हाचा वाद तरी डोळ्यांसमोरच्या प्रश्नाचा होता, महाराष्ट्रात जायचं की नाही. खाणीवाल्या पट्ट्यात जे ऐकू येत होतं त्यात प्रश्न एक आणि भांडण दुसऱ्याच कशावर.

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग, स्केपगोट आणि पर्पज, वेगळे वाटतात पण ते एकाच जागी दिसलेत. ऑस्ट्रियात मारीएनथाल नावाचं गाव, गिरणीवर जगणारं, १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार. काही संशोधक तिथे जाऊन राहिले, १९३३ मध्ये त्यांनी जे पाहिलं ते छापलं. हातात वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यातून चालायचे ते हळू हळू, मध्येच थांबत. सकाळपासून काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर एकाने लिहिलं, तोवर दुपार होते. बायकांचं तसं नव्हतं, कारण चूल, पोरं, धुणं काही बंद पडलं नव्हतं, उलट कमी पैशांत भागवायचं म्हणजे काम वाढलेलं. आणि आता ऐका: बेकारभत्ता घेऊन कोणीतरी चोरून काम करतोय अशा निनावी चहाड्या सरकारकडे जायच्या त्या वाढल्या, आणि वाढलेल्यातल्या बऱ्याच खोट्या निघाल्या. गिरणी शेजाऱ्याने बंद केलेली नव्हती. तिठ्यावरचं 'त्याचं नाव यादीत कसं' आणि ही चहाडी, ह्यात मला तरी फरक दिसत नाही.

आता पर्पज. हेतू मनात असतो, चांगला किंवा वाईट. उद्दिष्ट आधी ठरवून गाठायचं, वर्षअखेरचं, बँकेच्या शाखेचं. ध्येय म्हटलं की भिंतीवरचा सुविचार. प्रयोजन हा शब्द मला स्वतःला आवडतो, 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते' म्हणतात, कारणाशिवाय मूर्खही हलत नाही, शिवाय जुन्या मराठीत प्रयोजन म्हणजे घरचं कार्य, चार माणसं जेवायला बोलवायचा प्रसंग, असाही अर्थ होता. पण आज 'ह्याचं प्रयोजन काय?' असं आपण वस्तूबद्दल नाहीतर नको असलेल्या माणसाबद्दल विचारतो. 'मानवी प्रयोजन' वाचलं की मला कोणी तरी ऑडिटर माणसांच्या रांगेपुढे वही घेऊन उभा दिसतो.

बेकार माणूस स्वतः कधी 'माझं प्रयोजन हरवलं' म्हणत नाही. तो म्हणतो, आता माझा कोणाला काय उपयोग. म्हणतो, हात रिकामे आहेत. आई म्हणते, पोरगा कामाला लागला, कामास आला. मराठीत 'कामाला येणे' म्हणजे कुणाच्या तरी गरजेला उभं राहणं, त्यात पगाराचा संबंध असेलच असं नाही. 'निकामी' हा शब्द आपण मोटारीला, किडनीला लावतो, माणसाला लावला की शिवी होते. आणि ती म्हण आहे ना, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्हणीत एका जातीला चिमटा आहे, म्हणून ती मी सहसा वापरत नाही, पण तिच्यात एक गोष्ट खरी आहे, गिऱ्हाईक नसलं तरी शिकलेला हात स्वस्थ बसत नाही. केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३० मध्ये भाकीत केलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि मग माणसापुढे प्रश्न उरेल तो मोकळ्या वेळेचं करायचं काय. गोव्यात कोणी तरी लगेच म्हणेल सुसेगाद! पण सुसेगाद हा पोर्तुगीजातून आलेला शब्द निवांत माणसाचा आहे, आणि निवांत तोच असतो ज्याचं काम झालंय नाहीतर उद्या आहे. तिठ्यावरचे ते टिप्परवाले दिवसभर बसून होते, त्यांना सुसेगाद म्हणून बघा, काय ऐकायला मिळेल ते.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करीन: "कंपन्या माणसांची कामं यंत्रांकडे देतील, माणसं रिकामी होतील, आणि त्याचं खापर जे जवळ आहेत आणि दुबळे आहेत त्यांच्या माथी फुटेल, आपण कुणाच्या कामाला येतो हा प्रश्न मग प्रत्येकाला पडेल." लांब झालं, मान्य. पण कर्ता आला. 'कंपन्या' मूळ लेखात नसेल आणि घालायचं जिवावर येत असेल तर निदान 'जातील' ऐवजी 'काढून घेतल्या जातील' करा, वाचणारा विचारेल तरी कोणी म्हणून.

बळीचा बकरा तुम्हाला सोडवत नसेल तर लेखात एकदाच वापरा, आणि तोही तिथे, जिथे वरचा कोणी मुद्दाम खालच्याला पुढे करतोय. बोकड लिहिलंत तरी चालेल, आपल्याकडे कानाला तेच जास्त ओळखीचं. फक्त बाईबद्दल लिहिताना बळीची बकरी करू नका, मी हल्ली दोनतीनदा वाचलंय. वाक्प्रचारातला बकरा बकराच राहतो, 'तिला बळीचा बकरा केलं' असंच.