हरभऱ्याच्या बियाला लवंग तेल लावलं तर मर थांबेल का?

मर म्हणजे झाड सुकवणारा बुरशीचा रोग. तो यानं थांबणार नाही, उगवण मात्र मार खाईल. मी हे करून बसलोय.

आमचं शेत बेळगावातल्या खानापूरकडं. भात निघालं की त्याच ओलीवर हरभरा. दोन वर्षांमागं कुणाचं तरी ऐकून दोन किलो बियाला पाण्यातून लवंग तेल चोळलं. तेल पाण्यात मिसळत नाही हे डोक्यातच आलं नाही. काही दाणे माखले, काही कोरडेच राहिले, आणि घरभर दाताच्या दवाखान्याचा वास! लवंगेतलं युजेनॉल दातवालेही वापरतात, त्याचाच तो. नशीब, पेरण्याआधी शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सहाव्या दिवशी सोडून बघितलं तर साध्या बियाला नव्वदच्या आसपास मोड, तेलाच्या बियाला जेमतेम साठ, तेही टोकाला तपकिरी पडलेले.

युजेनॉल काय, ओव्यातलं थायमॉल काय, बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मरते ते खरंच आहे. पण कोंबही तितकाच कोवळा, मात्रा चुकली की तोही जळतो. शिवाय हे तेल उडून जाणारं. मरीची फ्युजॅरियम बुरशी बियातून येते तशी जमिनीतही असते, हरभरा नसला तरी पाच-सहा वर्षं तग धरते आणि मुळातून शिरते. तिथवर तेल कुठलं टिकायला?

आधी मरच आहे का बघा. सुकायला लागलेलं झाड उपटून खोड ब्लेडनं उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर.

मी आता किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी लावतो, शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळाला नत्र देणारे जिवाणू, आणि सावलीत सुकवून पेरतो. पाकिटावरचं सगळं कन्नडात, ते धाकटी वाचून दाखवते. तेल आणि ट्रायकोडर्मा एकत्र कधीच नको. ट्रायकोडर्माही बुरशीच, तेल तिलाही सोडणार नाही. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे सरकारी शेती कार्यालयात, हरभऱ्याचं जेजी 11 मिळतं का विचारा. मरीला दाद न देणारं वाण आहे, अर्धी काळजी तिथंच मिटते.

तेलाची हौसच असेल तर ज्वारीच्या मूठभर बियावर करून बघा. दाणे काणी, म्हणजे कणसातल्या दाण्यांत काळी भुकटी करणारा बुरशीरोग, त्याचे कण दाण्याला बाहेरूनच चिकटून येतात, म्हणजे तेलाला निदान गाठ तरी पडते. पण मोड मोजल्याशिवाय पेरू नका. आणि त्या काणीला किलोला 4 ग्रॅम गंधकाची भुकटी पुरते, तीही लवंग तेलापेक्षा कितीतरी स्वस्तात.